मनकर्णाबाई आणि घासलेटची विहीर

मनकर्णाबाईला पोचवून आम्ही परत निघालो, तेव्हा आंघोळीसाठी सगळे नाल्याकडे वळले. तिच्या मळ्यातली विहीर वाटेवरच आहे, पाणीही वर आलेलं होतं, पण तिकडे कोणी फिरकलं नाही. "बाईच्या इहिरीले वास येते," असं तिचा चुलत दीर हिंमतराव म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला तिथंच सुनावलं, की वास बाईचा नाही, कंपनीच्या घासलेटचा आहे, आणि त्यात थोडा तुझा आणि थोडा माझाही आहे. मयताच्या वाटेवर मास्तरनं असं बोलू नये, हे मला चार जणांनी ऐकवलं. ऐकवू द्या. इतकी वर्षं मी गप्प राहिलो, तेव्हा शहाणा म्हणून कोणी पाठ थोपटली नव्हती.

मी धानोरी स्टेशनच्या शाळेवर एकोणीस वर्षं मास्तर आहे. अक्षर बरं म्हणून गावातले अर्ज, पंचनामे, कबुल्या मीच लिहितो. पाटील तोंडानं सांगतात, मी कागदावर उतरवतो, मग लोक अंगठा करतात. या गोष्टीत एक कागद माझ्या हातचा आहे. तो लिहिला नसता तर हे सगळं सांगायची पाळीच आली नसती.

मनकर्णाबाई माळ्याघरची. नवरा निवृत्ती तापानं गेला तेव्हा पोरगा इंद्रभान सहा वर्षांचा होता. भाऊबंदांना वाटलं, आता बाई माहेरी जाईल आणि मळा आपल्या घशात पडेल. बाई गेली नाही. तिनं स्वतः मोट हाकली. बाईमाणसानं मोट हाकावी हे गावाला काही रुचलं नाही, पण तिची वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, शेगावच्या बाजारात सगळ्यांच्या आधी खपत, तेव्हा बोलणारेच तिच्याकडून उधार भाजी न्यायला लागले. तिचं नाक मोठं तिखट. मूठभर माती उचलून हुंगायची आणि सांगायची, आज पाणी नको, उद्या दे. रोपाचं पान चुरगाळून हुंगायची आणि कीड दिसायच्या आधी कीड सांगायची. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "बाई, तुमी मानसंबी हुंगता का?" तर म्हणाली, "मानसाले हुंगा लागत नाई मास्तर, तो दुरूनच समजते." तेव्हा मी हसलो होतो.

विहीर सामाईक होती. आठवड्यातले चार दिवस बाईची पाळी, तीन दिवस हिंमतरावाची. मळ्याच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत कंपनीचा घासलेटचा डेपो. मुंबईकडून रेल्वेचे टाकीचे डबे सायडिंगवर यायचे, त्यातलं तेल जमिनीत अर्ध्या पुरलेल्या एका मोठ्या लोखंडी टाकीत उतरायचं, आणि तिथून चौकोनी पत्र्याचे डबे भरून आसपासच्या गावांना जायचे. उत्तमराव नावाचा गुमास्ता तिथं बसायचा. धोतरावर कोट, खिशात फाउंटन पेन. रिकामे झालेले ते डबे कोणी फेकत नसे. वरचं तोंड कापायचं, आडवी लाकडी दांडी ठोकायची, झाली बाल्टी. आमच्या अख्ख्या गावात पाणी ओढायला घराघरात असाच डबा होता. माझ्याही घरी होता. हे लक्षात ठेवा.

इंद्रभानचं लग्न पिंपळगाव राजाच्या तुळशीराम वाण्याच्या लेकीशी झालं असं लोक म्हणत. खरं म्हणजे तुळशीराम माळीच, पण त्यानं किराणा टाकला होता म्हणून त्याला वाणी म्हणायचे. लेकीचं नाव कोकिळा. कामाला वाघीण, बोलायला मोजकी. सासूसुनेचं जमत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोघी एका दुरडीतून भाजी वाहायच्या, एक या कानाला धरून, दुसरी त्या कानाला.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कोकिळा माहेरी गेली आणि येताना बापानं तिला दुकानातला घासलेटचा एक रिकामा डबा दिला. दांडी ठोकलेला, बाहेरून हिरवा रंग दिलेला. पोरीला त्याचं अप्रूप होतं. महिना उलटला असेल नसेल, विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आधी नुसता भास. मग पाण्यावर रंगीत साय दिसायला लागली. शेगावच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं मेथीची जुडी बाईच्या अंगावर परत फेकली आणि म्हणाला, चिमणीत घाल ही. वीस वर्षांत तिची भाजी कोणी परत केली नव्हती. ती घरी आली ती पेटूनच.

डबा माहेरून आलेला, घासलेटच्या दुकानातला, आणि वास घासलेटचा. कोणालाही एवढंच दिसलं. मलाही तेवढंच दिसलं. घासलेटचा डबा विहिरीत सोडायचा म्हणजे आधी राखेनं घासून, उन्हात वाळवून मग सोडायचा, ही रीत लहान पोरालाही ठाऊक होती, आणि जिच्याकडून ती चुकली असेल तिचं नाव शोधायला गावाला अर्धा दिवसही लागला नाही. तीस हात खोल विहीर, त्यात एका डब्याला चिकटलेलं चार थेंब तेल. महिनाभर वास राहील का, आणि असेच डबे सोडलेल्या गावातल्या बाकीच्या विहिरी कशा नासल्या नाहीत, हा हिशोब चौथीच्या पोरानं केला असता. मी चौथीच्या पोरांना हिशोबच शिकवतो.

हिंमतराव पाटलाच्या ओट्यावर येऊन बसला. "इहीर कोनं नासोली ते लिहून द्या. मी उपसा काऊन करू?" सामाईक विहिरीची रीत अशी, की ज्याच्या घराकडून पाणी बाटेल त्या घरानं विहीर उपसायची, आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवतांची, ओटी भरायची आणि तोवर दुसऱ्याच्या पाळीचं नुकसान सोसायचं. पाटलानं मला बोलावलं. मी दौत-टाक घेऊन गेलो.

कोकिळा ओट्याखाली उभी होती. ती एकदाच बोलली. "आत्याबाई, डबा हुंगून तं पाहा. म्या राखेनं घासला, तीन दिवस उनात ठेवला."

"चूप बस," मनकर्णाबाई म्हणाली. "मोठ्याइत बोलू नोको."

इंद्रभान खाली पाहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. त्यानं तोंड उघडलं नाही, आणि जन्मभर उघडलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल मी यापुढं फार सांगणार नाही.

मी लिहिलं: 'माझी सून कोकिळा हिने घासलेटचा न धुतलेला डबा विहिरीत सोडला, त्यामुळे पाणी नासले, हे मी राजीखुशीने लिहून देते.' 'न धुतलेला' हे बाईनं सांगितलं नव्हतं. पाटलानंही सांगितलं नव्हतं. वाक्य नीट बसावं म्हणून मीच घातलं. 'राजीखुशीने' तर मी सवयीनं घालतो, सगळ्याच कागदांत. बाईनं अंगठा केला. आठ दिवस विहीर उपसली. कोकिळेकडून आसरांची ओटी भरवली, सगळ्या गावाच्या देखत, डोक्यावरून ओलं लुगडं. दुसऱ्या दिवशी तुळशीराम बंडी घेऊन आला. त्यानं ओट्यावर भांडण केलं नाही. एवढंच म्हणाला, "माह्या पोरीले कागदावर चोर केलं तुमी. आता कागदावरच साव करा, तवा पाठवीन." लेकीला बंडीत बसवून घेऊन गेला. हिरवा डबा खुंटीवर तसाच राहिला.

पंधरा दिवसांनी विहिरीला पुन्हा वास आला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तर असा आला, की मोटेचे बैल पाण्याला तोंड लावेनात. बाई शाळेत आली. पोरं ओट्यावर पाढे म्हणत होती, ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सून माहेरी गेली. डबा खुटीले हाय. मंग माही इहीर कोन नासोऊन राह्यलं मास्तर?" मला पाण्याचं काही कळत नाही असं म्हणालो. बाई गेली. तेवढ्या दोन महिन्यांत तिच्या तोंडावरची कातडी सैल झाली होती.

त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट धरली. कोकिळेवरचा डाग पुसणारा सरकारी कागद मिळवायचा आणि तो घेऊन पिंपळगाव राजाला जायचं. नुकसानभरपाई नको, मळा गेला तर जाऊ दे, सून परत आली पाहिजे. मला ती हे पन्नासदा म्हणाली असेल.

पावसाळा सरून कापूस फुटला, तेव्हा मोटेनं पाणी उपसून ती स्वतः विहिरीत उतरली. पन्नाशीची बाई, कमरेला दोर बांधून. सोबत ओंजळभर कच्चा कापूस, वेचल्यासारखाच, पिंजलेला नाही. आमच्याकडे हे घरोघर माहीत आहे, की असा कच्चा कापूस पाणी पीत नाही, तेल मात्र पितो. विहिरीला पाच झरे. प्रत्येक झऱ्याच्या तोंडाशी तिनं कापसाचं बोंड दगडात खुपसलं आणि दुसऱ्या दिवशी काढलं. चार बोंडं पांढरीच होती. डेपोच्या अंगाचा, सगळ्यात वरचा झरा, त्याचं बोंड पिवळं पडून जड झालं होतं. ते तिनं माझ्या समोर काडी लावून पेटवलं. चिमणीच्या वातीसारखं काळा धूर सोडत जळलं. त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर जायला लागलो. लाज वाटली म्हणून गेलो, परोपकार म्हणून नाही.

मग तिनं खड्डे खणले. एक विहिरीच्या काठी, एक धुऱ्यावर, एक डेपोच्या तारेला अगदी चिकटून. इंद्रभान म्हणाला, कंपनीशी वैर नोको. तेव्हा कुदळ तिनं घेतली आणि माती मी उपसली. कमरेइतकी काळी माती, तिच्याखाली घट्ट चोपण माती, पाणी न जिरणारी. त्या चोपणाच्या वरच्या अंगाला बोट लावलं की तेलकट लागायचं. तेल खाली जिरत नव्हतं, उतारानं सरकत विहिरीकडे येत होतं. तारेजवळच्या खड्ड्यात मला डोकं घालवेना, इतका वास.

"वास तं कोनीबी नाकारीन," बाई म्हणाली. "साहेबाचं नाक येगळं असते." म्हणून तिनं माळणीची परीक्षा लावली. तिन्ही खड्ड्यांतली माती तीन बोळक्यांत भरली, आणि चौथ्यात विहिरीच्या पलीकडच्या अंगाची चांगली माती. कोणती कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीत खडे ठेवले, एक, दोन, तीन. चांगल्या मातीला खडा नाही. प्रत्येकीत मेथीचे दहा दाणे टाकले आणि स्टेशनावरून आणलेलं पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी चांगल्या मातीत दहाच्या दहा वर. विहिरीकाठच्या मातीत निम्मे. धुऱ्याच्या मातीत एक, तोही पिवळा. तारेजवळच्या मातीतले दाणे फुगून काळे पडले होते. मी शाळेत इतकी वर्षं विज्ञानाचा धडा वाचून दाखवतो, पण विज्ञान म्हणजे काय ते मी त्या बाईच्या ओसरीवर पाहिलं.

मी अर्ज लिहिला. या वेळी बाई सांगेल तसाच लिहिला, एक शब्द पदरचा घातला नाही. तो तहसीलदारांकडे गेला, तिथून बुलढाण्याला, तिथून कंपनीकडे. पौषात तहसीलदार आणि कंपनीचा साहेब आले. साहेब आपल्याकडचाच होता, डोक्याला हॅट. माणूस उर्मट नव्हता, हे मला आजही जास्त टोचतं. त्यानं खड्डे पाहिले. बोळकी पाहिली, खडे मोजले. बाईनं कापूस पेटवून दाखवला तेव्हा तहसीलदारांकडे वळून म्हणाला, "बाई हुशार आहेत." उत्तमराव गुमास्त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, जिंकलो.

मग साहेबानं विचारलं, "या विहिरीबद्दल आधीचा काही कागद आहे का?"

पाटलानं माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन पेटीतून तो कागद आणला. साहेबानं तो मोठ्यानं वाचला, माझ्याच अक्षरातला. 'न धुतलेला' ला तो जरा थांबला. 'राजीखुशीने' ला पुन्हा थांबला.

"हा अंगठा तुमचाच का?"

बाईला नाही म्हणता आलं असतं. आमच्या गावात कितीतरी अंगठे नाकारले गेले आहेत. ती म्हणाली, "हाव, माहाच. खोटा हाय तो. पन माहा हाय."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहून दिलं?"

"हाव."

"मग आता खरं सांगता हे कशावरून?"

बाईनं बोळक्यांकडे हात केला. साहेबानं कागदाची घडी घालून तहसीलदारांच्या हाती दिली. त्या वेळी मी मध्ये पडायला हवं होतं. ते शब्द माझे आहेत, बाईचे नाहीत, एवढं म्हणायला हवं होतं. शाळा तपासणीचे दिवस होते, पगारवाढ अडकली होती, पाटील शाळा कमिटीवर होते. ही कारणं आहेत. मी ती स्वतःला अजूनही सांगतो. मी हातातली टोपी फिरवत उभा राहिलो.

निकाल महिन्याभरात आला. अर्जदाराच्याच आधीच्या कबुलीवरून विहीर घरगुती निष्काळजीपणामुळे दूषित झाली असल्याचे दिसते, टाकी सुस्थितीत आहे, अर्ज निकाली. कंपनीनं मात्र माणुसकी म्हणून बाईला दोन रिकामे डबे पाठवले, नवे कोरे, पाणी वाहायला. उत्तमरावानं स्वतः आणून दिले. बाईनं ते ओसरीवरून उचलले आणि तारेपलीकडे फेकले. एक वाकडा झाला, तो पुढं कितीतरी दिवस तिथंच पडून होता.

चैत्रात कंपनीनं गाजावाजा न करता ती सुस्थितीतली टाकी उकरून काढली आणि नवी पुरली. जुनी डेपोमागं पालथी घातली होती. मी गेलो, पाहिलं. तळ गंजून चाळणी झाला होता, हात लावला की पत्र्याचे पापुद्रे निघत. मी येऊन बाईला सांगितलं. ती गेली आणि तळहाताएवढा पापुद्रा तोडून घेऊन आली. "सरकारानं नाई देल्ला, तं हाच कागद," म्हणाली. आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही बंडी जुंपून पिंपळगाव राजाला निघालो. तिनं एक दुरडी भरून वांगी घेतली होती, स्टेशनच्या पाण्यावर जगवलेली.

तुळशीरामानं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. बाईनं पदरातून तो गंजका पत्रा काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं, झरे, कापूस, खड्डे, मेथी. मीही बोललो, की कागदातले शब्द माझे होते. वर्षभर ज्याला उशीर झाला ते असं सहज निघालं तोंडातून. तुळशीराम पत्रा हातात फिरवत राहिला. म्हणाला, "माहं काई म्हननं नाई. तिले पुसा."

कोकिळा दाराशी आली. बारीक झाली होती. तिनं पत्र्याकडे पाहिलंही नाही.

"आत्याबाई, तुमी इहिरीत उतरल्या?"

"हाव पोरी."

"तीन खड्डे खंदले?"

"हाव."

"मेथी पेरून पाह्यली?"

बाईनं मान हलवली.

"डबा हुंगला का?"

कोकिळेनं थोडं थांबून पाहिलं, मग म्हणाली, "म्या तेवढंच म्हनलं होतं. इतक्या दूरचं सारं हुंगलं तुमी. डबा घरातच होता." तिनं वांग्यांची दुरडी उचलून आईकडे दिली, सासूच्या पाया पडली आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

घरी आल्याबरोबर तिनं खुंटीवरचा हिरवा डबा काढला आणि त्यात तोंड घालून हुंगला. बराच वेळ. मग माझ्या हाती दिला. "तुमी पाहा." मी हुंगला. राखेचा वास होता, थोडा गंजाचा. घासलेटचा अजिबात नव्हता.

कोकिळा आली नाही. इंद्रभान पुढं त्याच डेपोत डबे भरायच्या कामाला लागला. टाकी बदलली तरी जमिनीत साचलेलं तेल विहिरीत उतरत राहिलं, मळ्यात बाभळी उगवल्या. बाईनं दोन वाफे तेवढे धरून ठेवले आणि शेवटपर्यंत पाणी त्याच हिरव्या डब्यानं काढलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. काल तिच्या घरचं आवरताना तो डबा मला सापडला, आणि मी तो पुन्हा हुंगला. आता त्याला घासलेटचा वास येतो. विहिरीचा लागला.